आमच्या जाऊबाईंना काही नको असतं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना काही नको असतं. हे आत्ताचं नाही, जन्मल्यापासूनचं असणार. पाळण्यातसुद्धा भूक लागल्यावर रडल्या नसतील, आईची झोप मोडेल म्हणून. माझी पैज आहे.

एकदा त्यांची दाढ ठणकत होती. गाल सुजून हा एवढा झालेला. विचारलं की म्हणायच्या, "काही नाही गं, जरा ठुसठुसतंय." शेवटी मी दंडाला धरून ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कोणती दाढ दुखतेय?" तर आमच्या बाईसाहेब काय म्हणाल्या असतील? "तुम्हाला सोयीची असेल ती काढा." आता बोला! डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग मीच पुढे होऊन त्यांच्या तोंडात बोट घालून दाढ दाखवली आणि वर स्वतःचं बोट चावून घेतलं.

घरातही तीच तऱ्हा. जेवायला सगळ्यांच्या शेवटी. तळाला लागून करपलेलं त्यांना आवडतं. पंख्याखाली झोपलं की त्यांना म्हणे सर्दी होते. आणि चहा कानतुटक्या कपात. पांढरा कप, निळा काठ, कान कधीचाच उडालेला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो कप बघतेय. चहा गाळला की बाकीच्यांचे कप बाकीच्यांना, कानतुटका जाऊबाईंना. मला वाटायचं, असते एकेकाची आवड. माझ्या माहेरी एक काका होते, त्यांना एकाच चमच्याने जेवायला लागायचं. तसंच काहीतरी.

त्यांना जाऊबाई म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळी वस्ती त्यांना चेनवाली म्हणते. बॅगेची चेन अडकली, दप्तराचा पट्टा तुटला, प्रवासाच्या बॅगेचा तळ फाटला, की चला चेनवालीकडे. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. दार थेट गल्लीत उघडतं. भिंतीला खिळे, खिळ्यांना लटकलेल्या बॅगा, आणि खाली एका पत्र्याच्या डब्यात जुन्या चेनचे रनर. कुणी फाटकी बॅग फेकून दिली की जाऊबाई तिचा रनर काढून घेतात. पितळेचे, काळे, मोठे, छोटे, सगळे त्या डब्यात. अडकलेली चेन आली की त्या आधी साबणाची वडी फिरवतात, मग रनर पक्कडीने जरासा चिमटतात, आणि अगदीच इलाज नसला तरच चेन उसवतात. नवी चेन गळ्यात मारून गिऱ्हाइकाला कापणं त्यांना जमत नाही. काम झालं की चेन उघडून, लावून दाखवतात. तो सर्रकन आवाज आला की त्यांचा चेहरा जरा उजळतो. तेवढीच काय ती त्यांची चैन.

हा धंदा मुळात थोरल्या भाऊजींचा. ते गेले, घरातले पाहुणे पांगले, आणि एका सकाळी मी पुढच्या खोलीत गेले तर जाऊबाई त्यांच्या मशीनवर बसलेल्या. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं, त्याने बॅग पुढे केली, यांनी घेतली. सुरुवातीला सुया मोडल्या, एकदा सुई बोटातून आरपार गेली. "काही नाही गं, जरा टोचली." बोटाला फडकं बांधून पुन्हा काम सुरू.

पण ते मशीन आमचं नव्हतं. चामडं, रेक्झिन, जाड कॅनव्हास शिवायचं तर घरातलं साधं मशीन चालत नाही, मोठ्या चाकाचं दणकट मशीन लागतं. ते कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याचं होतं. भाऊजींच्या वेळेपासून आम्ही भाड्याने वापरत होतो. एक दिवस चप्पलवाला स्वतःच आला, दारात उभा राहून पायांकडे बघत म्हणाला, "वहिनी, मी दुकान बंद करतोय. मुलीकडे राहायला जाणार. महिनाअखेरीला सगळं विकायचंय. मशीनसुद्धा."

मशीन गेलं म्हणजे धंदा गेला. आणि जाऊबाई म्हणतात काय? "असू दे, असू दे. मी हाताने शिवीन." अहो, बॅगेचा तळ हाताने शिवायचा म्हणजे काय गंमत आहे? चांभाराची टोकदार आर घेऊन टोचा, दोरा ओढा. एका बॅगेला अख्खा दिवस जाईल आणि बोटांची चाळण होईल. मी म्हटलं, "अहो, त्याला म्हणा तरी, थोडं थांब, आम्ही काहीतरी बघतो." तर म्हणाल्या, "त्याला कशाला अडचणीत टाकायचं?" मी हात टेकले.

तेवढ्यात मला पंक्चरवाल्याच्या बायकोने सांगितलं, एक संस्था आहे म्हणे, आपल्यासारख्या वस्त्यांमधल्या छोट्या धंदेवाल्यांना लागेल ते घेऊन देते. तिच्या नवऱ्याला हवेचा पंप दिला होता. उधारी नाही, व्याज नाही. मी तडक गेले आणि जाऊबाईंचं नाव देऊन आले. घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांना चोरी करायला पाठवतेय.

"अगं, मागायचं?"

"मागून झालंय. आता फक्त द्यायला येणार आहेत. गुरुवारी."

"इथे? घरी?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "अगं, माणसं येणार आणि त्यांना बसायला धड जागा नाही!"

जाऊबाईंच्या तोंडून घरात काहीतरी कमी आहे असं निघालं म्हणून मी हरखले, आणि तिथेच माती खाल्ली. मी बाहेर जाऊन न्हाव्याला म्हटलं, "एक बरी खुर्ची देता का हो गुरुवारपुरती?" बस्स, एवढंच म्हटलं. आमच्या गल्लीत एवढं पुरतं.

न्हाव्याने आपली दाढीची फिरती खुर्चीच आणून ठेवली. लाल गादीची, खाली दांडा असलेली. सुताराने ऐकलं तेव्हा तो म्हणाला, न्हावी खुर्ची देतो तर मी काय कमी आहे? त्याने गिऱ्हाइकासाठी बनवलेला पाठीचा बाक आणला. घड्याळवाल्याने टोल्यांचं मोठं घड्याळ भिंतीवर टांगलं. शेजारणीने तिच्या मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले फुलांचे कप काढून दिले, वर खिडकीला पडदा, एक टेबल आणि त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ. भिंतीवरच्या फाटक्या बॅगा सगळ्यांनी मिळून आत कोंबल्या, कारण त्या बऱ्या दिसत नव्हत्या. आणि मी शहाणी काय करत होते? मी कंबरेवर हात ठेवून सांगत होते, "घड्याळ जरा उजवीकडे घ्या."

गुरुवारी संस्थेच्या बाई आल्या. मधल्या वयाच्या, बुटांवर धूळ, खांद्याला पिशवी. बरोबर एक चष्मेवाला तरुण, सारखं काहीतरी टिपून घेणारा. बाईंना आम्ही मानाने न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं. चष्मेवाला बाकावर बसला. जाऊबाई मशीनच्या मागे अशा उभ्या, जशा त्याच पाहुण्या आहेत आणि चुकून दुसऱ्याच घरी आल्यात.

मी फुलांच्या कपांतून चहा दिला. आणि जाऊबाईंनी आत जाऊन स्वतःसाठी तोच कानतुटका कप आणला. मी डोळे वटारले, पण त्यांचं लक्ष कुठे? त्या दोन्ही हातांनी काठ धरून फुंकर मारत होत्या. बाईंनी त्या कपाकडे एकदा बघितलं.

"तर," बाई म्हणाल्या, "तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

"काही नाही," जाऊबाई म्हणाल्या. "सगळं आहे."

मी खोकले. मोठ्याने खोकले. जाऊबाईंनी मला पाण्याचा पेला पुढे केला!

बाई बोलत होत्या आणि बोलता बोलता हळूहळू खाली जात होत्या. त्या खुर्चीचा दांडा जुना, वजन पडलं की खुर्ची सावकाश बसायची. न्हाव्याच्या गिऱ्हाइकांना सवय होती, बाईंना नव्हती. पहिल्यांदा त्यांचं डोकं खिडकीच्या बरोबरीला होतं, आता टेबलाच्या वर नुसती हनुवटी राहिली होती. तरी त्या माऊलीने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चौफेर बघत म्हणाल्या, "दुकान छान मांडलंय तुम्ही. मशीन आहे, फर्निचर आहे. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणांकडे याच्या निम्मंही नसतं. आम्हाला त्यांना आधी द्यावं लागतं. तुम्ही समजून घ्याल."

"हो, हो, त्यांनाच द्या," जाऊबाई म्हणाल्या. आणि वर म्हणतात कशा, "बरं झालं तुम्ही आलात."

भिंतीवरच्या घड्याळाने भर दुपारी सहा टोले दिले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी दाराशी गेले. अख्खी गल्ली भिंतीला कान लावून उभी. मी दातओठ खात म्हटलं, "अहो, आपलं सामान उचला! आपण जाऊबाईंना शेठाणी करून ठेवलंय. मशीन मिळत नाही!"

मग जे झालं ते मी मेले तरी विसरणार नाही. न्हावी आत घुसला. "बाई, जरा उठता का? खुर्ची माझी आहे. तिकडे एकाची अर्धी दाढी झालीय, तो फेस लावून बसलाय." घड्याळवाला स्टुलावर चढून घड्याळ उतरवायला लागला. शेजारीण आली आणि तिने बाईंच्या हातातला कप घेतला. "झाला ना चहा? नाही? मग प्या लवकर. लग्नाचे आहेत." पडदा गेला, टेबलक्लॉथ गेला, टेबल गेलं. सुतार चष्मेवाल्याला म्हणाला, "साहेब, उठा, बाक न्यायचाय."

चष्मेवाला काही उठेना.

"साहेब, उठा ना."

"मी प्रयत्न करतोय," चष्मेवाला म्हणाला.

बाकाचं पॉलिश वाळलेलं नव्हतं. दोघांनी त्याचे दोन हात धरले, एकाने बाक धरला, आणि ओढलं. चर्रकन आवाज झाला. चष्मेवाला सुटला, पण पँटचा मागचा भाग बाकाकडेच राहिला. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला तो शेवटपर्यंत हलला नाही.

आणि या गोंधळात चप्पलवालाही आला. त्याला वाटलं, आपण मागे राहायला नको. म्हणाला, "आणि मशीन माझं आहे बरं का! महिनाअखेरीला विकायचंय."

खोली रिकामी झाली. राहिलं काय? ते परकं मशीन, भिंतीतले खिळे, एक स्टूल, रनरचा डबा, आणि मधोमध जाऊबाई, मान खाली घालून, कानतुटका कप धरून. मला भडभडून आलं. अशी त्यांची उघड्यावर लाज काढायला मीच माणसं बोलावली होती.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे यांचं स्वतःचं इथे काहीच नाही? मग आमची पंचाईतच झाली. धंद्याचं काहीतरी स्वतःचं असावं लागतं. अगदी शून्यातून सुरू करणाऱ्यांसाठी दुसरी संस्था आहे."

न्हावी खुर्ची घेऊन उंबऱ्यात पोचला होता. तो तिथेच थांबला.

"खुर्ची तशी तिचीच आहे म्हणा," तो म्हणाला.

"घड्याळही," घड्याळवाला स्टुलावरून म्हणाला. "मी फक्त दुरुस्तीला नेत होतो. टोले चुकतात त्याचे."

"बाक तर तिचाच," सुतार म्हणाला. "मी पॉलिश करायला घेतला होता. बघा ना, ओलंच आहे."

सगळं सामान पुन्हा आत यायला लागलं. शेजारणीने बाईंच्या हातात पुन्हा कप ठेवला. चप्पलवाला बराच वेळ विचार करून म्हणाला, "मशीनही तिचंच की! मी नुसतं तिला भाड्याने देतो."

"तिचंच मशीन? तिलाच?" बाईंनी विचारलं.

"हो," चप्पलवाला म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

बाईंचा बांध फुटला. त्या एवढ्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, आम्ही येणार म्हटलं की लोक टीव्ही लपवतात. फ्रीजवर चादर टाकतात. उसनं आणून श्रीमंती दाखवणारे तुम्हीच पहिले!" मग त्या गंभीर झाल्या आणि जाऊबाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "कुणाचं काय ते कळलं मला. हा डबा तुमचा आहे ना? मग झालं, एवढं पुरे. पण एक गोष्ट मी सोडत नाही. नाव तुमच्या जाऊने दिलं, सामान गल्लीने दिलं. दुसऱ्यांच्या हौसेने दिलेली मशीनं मी धूळ खात पडलेली बघितलीत. तेव्हा तुम्ही स्वतः सांगा. तुम्हाला हवंय का?"

जाऊबाई कपाचा काठ पदराने पुसत राहिल्या.

"तो पलीकडचा छत्रीवाला आहे ना," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "त्याला द्या. त्याची फार ओढाताण होते."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मोठ्या जावेशी कसं बोलावं, कसं बोलू नये, सगळं खड्ड्यात गेलं.

"अहो, छत्रीवाला गेला उडत! तुमचं काय? महिनाअखेरीला हे मशीन गेलं की तुम्ही काय करणार आहात? आर घेऊन बोटं फोडून घेणार आणि मला सांगणार, काही नाही गं, जरा टोचलं! मी काय आंधळी आहे? भाऊजी गेल्यापासून तुम्ही या मशीनवर मान मोडून बसताय. तुम्हाला तो चेनचा आवाज ऐकून किती बरं वाटतं ते मी रोज बघते. एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडाने म्हणा की हो! नाहीतर देवाशपथ सांगते, मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही!"

बोलता बोलता मी रडायलाच लागले. शेजारीणही रडत होती, पण तिला कशानेही रडू येतं.

जाऊबाईंनी कप खाली ठेवला. मशीनच्या मोठ्या चाकावर हात ठेवला. भाऊजींनी धरून धरून ते चाक गुळगुळीत झालंय.

"हवंय," त्या म्हणाल्या.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. आलं होतं. सगळ्यांना आलं होतं.

"मशीन हवंय. मला. मला हे काम आवडतं, मला हेच करायचंय." मग त्यांनी एक श्वास घेतला, आणि मला वाटलं झालं, संपलं. तर पुढे म्हणाल्या, "आणि एक खुर्ची हवीय. पाठ असलेली. स्टुलावर बसून माझी पाठ दुखते."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझे भाऊजी गेले तेव्हापासून."

न्हाव्याने पटकन आपली फिरती खुर्ची मागे घेतली, न जाणो, आता हीच मागितली तर.

चष्मेवाल्याला त्या दिवशी शेजारणीचा टेबलक्लॉथ गुंडाळून बसावं लागलं. जाऊबाईंनी त्याची पँट त्याच मशीनवर शिवून दिली. बॅगेचं ठिगळ होतं, काळ्या रेक्झिनचं, पण तो म्हणाला, झकास आहे, आणि बाहेर पडताना कुणाकडेही पाठ न करता गेला.

संस्थेने चप्पलवाल्याचंच मशीन विकत घेऊन दिलं. भाऊजींचा हात लागलेलं तेच, त्यामुळे सगळंच चांगलं झालं. चप्पलवाला पैसे घेताना म्हणाला, "तिचंच होतं हो ते," आणि या वेळी त्याला घाम फुटला नाही. पाठीची खुर्चीही आली. जाऊबाई पहिल्यांदा टेकून बसल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. गिऱ्हाईक उभंच. मी म्हटलं, "थांबा हो जरा, कुठे पळून जातेय तुमची बॅग?"

आता मला वाटलं होतं, एवढं झालं की गाडी पुन्हा मूळ रुळावर येईल. कसलं काय!

परवाची गोष्ट. सकाळी मी चहा गाळला. बाकीच्यांचे कप बाकीच्यांना दिले, कानतुटका नेहमीसारखा जाऊबाईंपुढे सरकवला. त्यांनी कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि अगदी हळू, जसं काही तिजोरीची चावी मागतायत तशा म्हणाल्या, "मला कान असलेला कप हवाय."

मी चाटच पडले. मी माझा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि कानतुटका स्वतःकडे ओढला. म्हटलं, घ्या, आम्हाला काय, आम्ही यात पिऊ. आवडता कप होता ना यांचा इतकी वर्षं, मग एवढं काय वाईट असणार आहे त्यात?

उचलला आणि तसाच खाली आपटला. सगळी बोटं पोळली.